गुलबक्षी : लावणी, निगा आणि मोजणी

फुलबाजारात झेंडू, शेवंती, निशिगंध, मोगरा यांचे भाव रोज पुकारले जातात. गुलबक्षीचा भाव पुकारल्याचे ऐकिवात नाही. संध्याकाळी उमलायचे आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढण्याआधी मिटून जायचे, असा या फुलाचा क्रम. जे फूल टोपलीत रात्रभर टिकत नाही ते व्यापाऱ्याच्या कामाचे नाही. मानाच्या फुलांतही त्याची गणना फारशी झाली नाही. ते राहिले परसात, न्हाणीच्या सांडपाण्याच्या कडेला, वस्तीतल्या घरांच्या मागच्या भिंतीलगत. मुलींनी मात्र त्याला आपलेसे केले. फुलाची नळी लांब असल्यामुळे सुईदोऱ्यावाचून नळीत नळी गुंफून त्याची वेणी करता येते. आणि मराठी भाषेने तर एका रंगालाच या फुलाचे नाव देऊन टाकले.

स्मरणिकेसाठी बागेसंबंधी लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा गुलाबाविषयी लिहिणे सोपे होते. गुलाबाच्या निगेवर पुस्तके भरपूर आहेत. परंतु आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणि पालकांपैकी बहुतेकांच्या घरापुढे हातभर जागा, एक-दोन डबे किंवा मोरीच्या पाण्यावर ओली राहणारी पट्टी, एवढीच बाग असते. तेवढ्या जागेत, जवळजवळ पैसा न खर्चता वाढणारे हे झाड आहे. शिवाय आनुवंशशास्त्राच्या इतिहासात त्याने बजावलेली कामगिरी आपल्या समाजाने विशेष समजून घ्यावी अशी आहे. म्हणून लावणीइतकेच त्या कामगिरीविषयीही येथे लिहीत आहे.

गुलबक्षी मूळची भारतातली नाही. तिचे घर उष्ण कटिबंधातील अमेरिका. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ती युरोपात नेली, आणि युरोपीय व्यापाराच्या वाटेने ती आपल्याकडे आली. मिरची, बटाटा, शेंगदाणा, सीताफळ, झेंडू ही मंडळीही त्याच खंडातून आलेली. इंग्रजीत तिला 'पेरूचे आश्चर्य' असे एक नाव आहे आणि 'चार वाजताचे फूल' असे दुसरे. १७५३ साली लिनियसने तिचे शास्त्रीय नाव मिराबिलिस जलापा असे ठेवले. मिराबिलिस म्हणजे लॅटिनमध्ये आश्चर्यकारक. जलापा हे मेक्सिकोतील एका गावाचे नाव. त्या गावाच्या नावाने ओळखले जाणारे एक रेचक औषध या झाडाच्या मुळापासून मिळते असा त्या काळी समज होता. प्रत्यक्षात ते औषध वेगळ्याच एका वेलीच्या मुळाचे निघाले, पण नाव तसेच राहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा चुकून चिकटलेल्या नावांचे नवल वाटत नाही.

आपल्याकडच्या 'गुलबास' या नावात फारसी 'गुल-ए-अब्बास', म्हणजे अब्बासचे फूल, स्पष्ट ऐकू येते. बंगालीत ती संध्यामालती, कानडीत संजे मल्लिगे, तमिळमध्ये अंदि मंदारै, मल्याळममध्ये नालुमणिप्पूवु, म्हणजे चार वाजताचे फूल. चिनी लोक तिला भात शिजवण्याच्या वेळचे फूल असेही म्हणतात. देशोदेशीच्या लोकांनी या पाहुणीला नाव देताना तिची जात विचारली नाही, वेळ पाहिली.

आता लावणी. पहिला चांगला पाऊस पडून जमीन ओली झाली की, म्हणजे साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बी टोकावे. मिरीसारखे काळे, सुरकुतलेले हे बी रात्रभर पाण्यात भिजत घातले तर लवकर रुजते. बोटाचे अर्धे पेर खोल, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर, एवढेच पुरावे. आठवडा ते दोन आठवड्यांत दोन जाड, रुंद बीजपत्रे वर येतात. दोन झाडांत निदान दीड फूट अंतर हवे, कारण झाड दोन ते तीन फूट उंच वाढते आणि तितकेच आडवे पसरते. जागा निवडताना सकाळचे किंवा दुपारचे चार-पाच तासांचे ऊन मिळेल अशी निवडावी. पूर्ण सावलीत झाड पानांनी भरते, फुले मोजकी येतात.

जमिनीची फारशी तक्रार हे झाड करीत नाही. मुरमाड, हलकी, कशीही चालते. फक्त पाणी साचून राहता कामा नये. काळ्या चिकण मातीत लावायचे असल्यास थोडी वाळू किंवा विटांचा चुरा आणि दोन ओंजळी कुजलेले शेणखत मिसळून जागा वीतभर उंच करून घ्यावी. युरियाचा मोह टाळावा. नत्र जास्त झाले की झाड माजते, फांद्या लुसलुशीत होऊन वाऱ्याने मोडतात आणि कळ्या मागे पडतात. डब्यात लावणाऱ्यांनी डबा खोल निवडावा, बारा इंचांहून कमी नको, आणि तळाला भोके पाडून घ्यावीत. याचे कारण मुळात आहे. गुलबक्षीचे मूळ गाजरासारखे जाड होत खाली जाते आणि पुढे कंद बनते. मोठे झालेले झाड उपटून दुसरीकडे लावले तर हे मूळ तुटते, म्हणून जागा बदलायची असेल तर चार पानांवर असतानाच बदलावी.

रोप बोटभर उंचीचे असताना पहिल्या महिन्यात तण काढावे. पुढे तेच तणाला वर येऊ देत नाही. झाड वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. बी टोकल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फुले सुरू होतात आणि थंडी पडेपर्यंत चालू राहतात. किडीचा उपद्रव कमीच. कधी शेंड्यावर मावा किंवा खोडाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसतो. पाण्याची जोरदार धार मारली तरी बराचसा जातो. न गेल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारावे. मावा दिसला की विषारी औषधाची बाटली काढण्याची सवय शेतातून बागेत आणू नये. विशेषतः जिथे मुले वावरतात तिथे तर नाहीच.

उन्हाळ्यात पाणी तुटले की झाड वरून वाळून जाते. नव्या माणसाला वाटते, मेले. ते मेलेले नसते. वाळलेल्या काड्या जमिनीपासून चार बोटे ठेवून कापाव्यात आणि कंद जागीच राहू द्यावा. पहिल्या पावसात तो पुन्हा फुटतो, आणि हे दुसऱ्या वर्षीचे झाड पहिल्यापेक्षा भरदार असते. ज्या गावात मार्चनंतर टँकरची वाट पाहावी लागते तिथे बागेसाठी याहून समजूतदार झाड मला माहीत नाही.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. गुलबक्षीचे बी आणि मूळ दोन्ही विषारी आहेत. पोटात गेल्यास उलट्या, पोटदुखी आणि जुलाब होतात. बी हुबेहूब मिरीसारखे दिसते, त्यामुळे लहान मुलांच्या हाती आणि स्वयंपाकघराच्या आसपास ते ठेवू नये. पाने गरम करून गळवावर बांधण्याची रीत आपल्या आयाबायांना ठाऊक आहे. परंतु अंगावर गळू वारंवार होत असेल तर पानांत वेळ घालवू नये, डॉक्टरांना दाखवावे.

फूल उमलण्याची वेळ घड्याळाशी बांधलेली नाही. ऊन उतरू लागले, हवा थोडी निवली की कळ्या उघडतात. आपल्याकडे बहुधा साडेचार ते सहाच्या दरम्यान. ढगाळ दिवशी फुले सकाळी उशिरापर्यंत उघडी राहतात. अंधार पडताच मंद गोड वास सुटतो आणि लांब सोंडेचे पतंग येतात. नळीच्या तळाशी असलेला मध त्यांच्याच सोंडेला पोचतो. आणखी एक गंमत विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी : आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या खऱ्या पाकळ्या नाहीतच. तो रंगीत झालेला निदलपुंज आहे, आणि त्याखालचा जो हिरवा पेला आपल्याला निदलपुंज वाटतो तो छदांचा बनलेला आहे. बोगनवेल हिच्याच कुळातली. तिथेही डोळ्यांत भरणारा रंग छदांचा असतो, फुलाचा नव्हे. सकाळी गुलबक्षी मिटताना पुंकेसर आणि कुक्षिवृंत एकत्र गुंडाळले जातात आणि पतंग आला नसेल तर फुलाचे स्वतःचेच पराग कुक्षीला लागतात. बी धरण्यासाठी ती कुणावर अवलंबून राहत नाही. प्रत्येक फुलातून एकच बी मिळते.

स्वपरागण आणि एका फुलाला एक बी, या दोन गोष्टींमुळेच शास्त्रज्ञांचे लक्ष तिच्याकडे गेले. वाटाण्यावरील प्रयोगांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या मेंडेलनेही गुलबक्षीवर प्रयोग केले होते. एक बीजांड फळण्यास अनेक परागकण लागतात असे त्या काळी काही विद्वान मानीत. मेंडेलने एकेकच परागकण कुक्षीवर ठेवून पाहिला आणि एक पुरतो हे दाखविले. पुढे १९०० साली मेंडेलचे विस्मृतीत गेलेले संशोधन ज्या तिघांच्या कामातून पुन्हा उजेडात आले, त्यांतील एक जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स. गुलबक्षी हे कोरेन्सच्या अभ्यासाचे आवडते झाड. लाल फुलाच्या शुद्ध झाडाचा आणि पांढऱ्या फुलाच्या शुद्ध झाडाचा संकर केला तर पहिल्या पिढीत सर्व झाडे गुलाबी येतात. बारावीच्या जीवशास्त्रात 'अपूर्ण प्रभाविता' या नावाने हे शिकविले जाते. विद्यार्थी ते पाठ करतात आणि विसरतात, कारण पुढचा भाग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नसतो.

पुढचा भाग असा. त्या गुलाबी झाडांना आपापसात फळू दिले तर दुसऱ्या पिढीत साधारणपणे एक चतुर्थांश झाडे लाल, निम्मी गुलाबी आणि एक चतुर्थांश पांढरी निघतात. म्हणजे गुलाबी झाडात लाल आणि पांढरा हे रंग दुधात पाणी मिसळावे तसे एकमेकांत विरघळून गेलेले नव्हते. दोन्हींचे घटक आपापल्या जागी अखंड होते आणि पुढच्या पिढीत ते जसेच्या तसे वेगळे झाले. आनुवंशिकता म्हणजे रक्ताचे मिश्रण, एकदा मिसळले की बिघडले, ही हजारो वर्षांची समजूत या मोजणीपुढे टिकत नाही.

येथे 'संकर' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. धर्मशास्त्रात 'वर्णसंकर' हा शब्द भीती घालण्यासाठी वापरला गेला. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्री-पुरुषांच्या संततीला स्वतंत्र नावे देऊन तिला तळाशी ढकलण्याचे सगळे गणित त्या शब्दावर उभे आहे. तोच शब्द विसाव्या शतकात कृषी खात्याच्या पत्रकात आला तेव्हा त्याचा अर्थ पालटला. १९६४ साली सी.एस.एच. १ ही संकरित ज्वारी प्रसारित झाली, आणि ज्यांच्या घरात संकराचे नाव काढणे पाप होते तेच शेतकरी 'हायब्रीड' बियाण्यासाठी जादा पैसे मोजू लागले. शेतात संकर चालतो आणि सोयरिकीत चालत नाही, या विसंगतीवर फारसे कुणी बोलले नाही.

तरीही येथे घाई करू नये असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. गुलबक्षीच्या रंगावरून माणसाच्या बुद्धीचा किंवा शीलाचा सिद्धांत काढणे हे जातिसमर्थकांनी केले तरी चूक आणि आपण केले तरी चूकच. एकेकाळी जातिव्यवस्थेचे समर्थन आनुवंशशास्त्राच्या आणि वंशशुद्धीच्या नावाने होऊ लागले होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेले आणि न झालेले बाबासाहेबांचे भाषण १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी या समर्थनाला उत्तर देताना बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या मेंडेलवरील ग्रंथाचाच आधार घेतला आहे. उच्च मानसिक गुण एखाद्या एकाच ठरावीक पद्धतीने वारशाने उतरतात असे मानण्यास आधार नाही, हा बेटसनचा निर्वाळा त्यांनी पुढे ठेवला. मेंडेलचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते असलेले बेटसन हे सांगत आहेत, याला विशेष महत्त्व आहे. विरोधक ज्या शास्त्राचे नाव घेत होते त्याच शास्त्राचा मूळ ग्रंथ उघडून पाहण्याची ही शिस्त आहे.

कोरेन्सचा आणखी एक शोध याच झाडावरचा, १९०९ सालचा. गुलबक्षीच्या काही झाडांवर हिरव्या, पांढऱ्या आणि चट्टेरी अशा तिन्ही प्रकारच्या फांद्या असतात. हिरव्या फांदीवरील फुलाचे बी हिरवीच रोपे देते, मग पराग कुठल्याही फांदीचे असोत. पांढऱ्या फांदीवरील बियांतून पांढरी रोपे येतात आणि हरितद्रव्याअभावी ती लवकरच मरतात. चट्टेरी फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकार निघतात. परागांचा, म्हणजे पित्याचा, येथे काहीच प्रभाव नाही. पानांतील हरितलवके बीजांडातून, म्हणजे मातेकडूनच येतात. वंश केवळ बापाचा मानणाऱ्या समाजात राहून हा धडा शिकवताना वर्गातल्या मुलींचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

पालकांचा एक आक्षेप येथे नोंदविला पाहिजे, कारण तो वाजवी आहे. आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात माती उपसली. पोराला तुमच्याकडे लेखणी धरायला पाठवले, खुरपे धरायला नव्हे, असे काही पालक स्पष्ट बोलतात. शिक्षणाच्या नावाखाली मागास मुलांकडून झाडलोट आणि बागकाम करून घेणाऱ्या शाळा या देशात पुष्कळ झाल्या, हे खोटे नाही. त्यामुळे श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देऊन हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. माझे म्हणणे एवढेच की बागेत जाणाऱ्या मुलाच्या एका हातात खुरपे असेल तर दुसऱ्या हातात वही असली पाहिजे. तारीख, झाडाचा क्रमांक, फुलाचा रंग, बियांची संख्या यांची नोंद ज्या कामात नाही ते काम विद्यार्थ्याला देऊ नये. त्यासाठी मजूर लावावा आणि त्याला पूर्ण मजुरी द्यावी.

ज्यांना घरी हा प्रयोग करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी रीत सांगतो. पहिल्या वर्षी फक्त शुद्ध झाडे ओळखायची. परसातल्या गुलबक्षीत पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळ झालेली असते, काही झाडांवर पट्टेदार किंवा दोनरंगी फुलेही येतात; अशी झाडे प्रयोगाला घेऊ नयेत, त्यांचे गणित किचकट असते. एक पूर्ण लाल आणि एक पूर्ण पांढरे झाड निवडून त्यांच्या काही कळ्यांवर उमलण्यापूर्वी मलमलीची छोटी पिशवी बांधावी. पतंगाला आत जाता येत नाही, फूल स्वतःच फळते. त्या बियांतून आलेली सर्व झाडे आईच्याच रंगाची निघाली तर ते झाड शुद्ध समजावे.

दुसऱ्या वर्षी संकर. त्या संध्याकाळी उमलणारी कळी दुपारीच फुगून लांब झालेली असते. दोन-तीनच्या सुमारास पांढऱ्या झाडावरील अशी कळी टाचणीने अलगद उभी चिरावी आणि बारीक चिमट्याने आतील परागकोश, सहसा पाच, पराग सांडण्याआधी काढून टाकावेत. कुक्षीला धक्का लागू देऊ नये. कळीवर पिशवी बांधावी. संध्याकाळी लाल फूल उमलले की त्याचा परागकोश आणून या कुक्षीवर हलकेच टेकवावा, पिशवी पुन्हा बांधावी आणि देठाला रंगीत दोरा बांधून वहीत नोंद करावी. दहा-बारा फुलांवर तरी करावे. एका फुलाला एकच बी मिळते आणि त्यातील काही फुले गळतातच. तिसऱ्या वर्षी ही बिये लावून गुलाबी झाडे पाहायची, त्यांच्या कळ्यांना पिशव्या बांधून बी धरायचे आणि चौथ्या वर्षी मोजणी. वीस झाडे लावली तर नेमकी पाच लाल, दहा गुलाबी, पाच पांढरी येतील अशी अपेक्षा ठेवू नये. नाणे वीसदा उडवले तर दर वेळी दहाच छापे पडत नाहीत. झाडे जितकी अधिक, तितके प्रमाण जवळ येते. म्हणून हा प्रयोग चार-पाच घरांनी मिळून केला आणि नोंदी एकत्र केल्या तर उत्तम. आठवीत प्रयोग सुरू करणारे मूल अकरावीत मोजणी करील, आणि बारावीत तो धडा येईल तेव्हा त्याला पाठांतराची गरज उरणार नाही.

बी धरणे सोपे आहे, फक्त वेळ साधावी लागते. फुल मिटल्यावर साधारण महिनाभरात बी काळे होते आणि हलक्या धक्क्याने जमिनीवर पडते. प्रयोगाचे बी पडण्याआधीच, काळे होताच, पिशवीसह खुडावे. हिरवट बी रुजत नाही. सावलीत आठ दिवस वाळवून कागदी पाकिटात ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहून बुरशी लागते. पाकिटावर आईचा रंग, बापाचा रंग आणि वर्ष लिहावे, आणि ते पाकीट मसाल्याच्या डब्यांपासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. झाडाखाली आपोआप पडलेल्या बियांतून पुढच्या जूनमध्ये रोपांची गर्दी उगवेल. प्रयोगाच्या वाफ्यातील अशी रोपे ओळख पटत नसल्यामुळे काढून टाकावीत. बाकीची काढलेली रोपे चार पानांची असताना ओल्या मातीच्या गोळ्यासह शेजाऱ्यांना देता येतात.